भारतनेट म्हणजे काय? फायबर पंचायतीत आली, घरात कधी?

खेड्यापाड्यांत हायस्पीड इंटरनेट नेण्यासाठी केंद्र सरकारची मोठी योजना म्हणजे भारतनेट. ऑक्टोबर २०११ मध्ये तिला ‘राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क’ या नावाने मंजुरी मिळाली. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती १०० एमबीपीएसने जोडायचं ठरलं.

पैसा कुठला? टेलिकॉम कंपन्या समायोजित महसुलाच्या ५ टक्के आकार भरतात, तो निधी. म्हणजे आपल्याच रिचार्जमधला वाटा.

काम कुणाचं? दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्र, गुजरात, तेलंगणात ते राज्यांकडे गेलं. महाराष्ट्रात महानेट, तेलंगणात टी-फायबर.

अडलं कुठे? केबल एकेरी टाकलेली. रस्त्याच्या कामात जेसीबीने ती तोडली, की पुढची गावं बंद. शिवाय फायबर पंचायतीच्या कपाटापर्यंतच, घरापर्यंत नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये सुमारे १ लाख ३९ हजार कोटींच्या सुधारित योजनेला मंजुरी मिळाली. आता पंचायती रिंगने जोडायच्या. एका बाजूने केबल तुटली तरी दुसरीकडून इंटरनेट चालू. घरगुती कनेक्शन स्थानिक उद्योजकांमार्फत.

गाव बेळगाव तालुक्यातलं असो की चंदगडचं, ग्रामसभेत तीन गोष्टी विचारा: पंचायतीतलं यंत्र चालू आहे का? गाव रिंगवर आलं का? घरचं कनेक्शन कोण देणार?