अस्थिसुषिरता : हृदयविकार असताना औषधांची निवड

हाडांतील खनिजांचे प्रमाण घटते, आतली जाळीदार रचना विरळ होते आणि घरातल्या घरात घसरून पडल्यावरही मनगट, मणका किंवा खुबा मोडतो. या अवस्थेला अस्थिसुषिरता किंवा ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ठरवलेल्या निकषानुसार हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीतील टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली असल्यास हे निदान होते. ज्या स्त्रियांना व वृद्धांना हा विकार होतो त्यांच्यातील अनेकांना हृदयविकारही असतो, कारण वाढते वय, रजोनिवृत्ती, मधुमेह, मूत्रपिंडाचा जुना आजार आणि तंबाखू ही कारणे दोन्हीकडे सामाईक आहेत. महाराष्ट्रात तंबाखूमध्ये दातांना लावायची मिश्रीही धरावी लागते. ती लावणाऱ्या कित्येक स्त्रिया ‘तंबाखू खाता का’ या प्रश्नाला मनापासून ‘नाही’ म्हणतात.

हृदयविकाराचा झटका येऊन गेला, अँजिओप्लास्टी झाली, म्हणून हाडांचे औषधच नको, असा निष्कर्ष घराघरांत काढला जातो. तो चुकीचा आहे. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण पाचातला एक वर्षभरात दगावतो. हृदय अशक्त असलेल्या माणसाला खुब्याची शस्त्रक्रिया आणि त्यानंतरचे अंथरूण तर अधिकच जड जाते. हृदयविकारामुळे कोणते औषध घ्यावे हे बदलते, पण औषध घ्यावे की नाही हे त्यामुळे क्वचितच बदलते.

या निवडीत सर्वाधिक विचार करावा लागतो तो रोमोसोझुमॅबचा. हाडातील पेशी स्क्लेरोस्टिन नावाचे प्रथिन तयार करतात आणि ते नवे हाड घडण्याला लगाम घालते. जन्मतःच हे प्रथिन न बनणारी काही कुटुंबे दक्षिण आफ्रिकेतील आफ्रिकानर समाजात व नेदरलँड्समध्ये आढळली. त्यांची हाडे विलक्षण दाट असतात. त्यावरून स्क्लेरोस्टिनला अडवणारे हे प्रतिपिंड विकसित झाले. महिन्यातून एकदा २१० मिलिग्रॅम, त्वचेखाली दोन इंजेक्शनांत विभागून, असे ते १२ महिने देतात. हाड घडवणे आणि हाडाची झीज रोखणे ही दोन्ही कामे ते एकाच वेळी करते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फ्रेम’ चाचणीत ७,१८० स्त्रिया होत्या. औषधहीन इंजेक्शन मिळालेल्यांच्या तुलनेत वर्षभरात मणक्याचे नवे अस्थिभंग ७३ टक्क्यांनी कमी झाले आणि हृदयाच्या घटनांत फरक दिसला नाही.

पुढच्या वर्षी ‘आर्च’ चाचणीचे निष्कर्ष आले. त्यात ४,०९३ स्त्रियांना रोमोसोझुमॅब किंवा हाडांची झीज रोखणारे ॲलेंड्रोनेट दिले होते. दोन वर्षांत मणक्याचे अस्थिभंग रोमोसोझुमॅबने सुरुवात केलेल्या गटात ४८ टक्क्यांनी कमी होते. मात्र पहिल्या वर्षात हृदय व रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटना त्या गटात २.५ टक्के, तर ॲलेंड्रोनेट गटात १.९ टक्के घडल्या. पुरुषांवरील छोट्या ‘ब्रिज’ चाचणीतही तोल त्याच बाजूला झुकला. स्क्लेरोस्टिन रक्तवाहिन्यांच्या भिंतींतही आढळते. तेथे ते कॅल्शियम साचण्याला आवर घालत असेल, तर त्याला अडवण्याने नुकसान होऊ शकते, असा एक तर्क आहे. ॲलेंड्रोनेटच हृदयाला थोडे संरक्षण देत असल्याने फरक दिसला, असे दुसरे काही म्हणतात. ‘आर्च’मध्ये औषधहीन गट नसल्याने त्या चाचणीतून याचा निकाल लागत नाही.

अनिश्चिततेत नियामकांनी सावध भूमिका घेतली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०१९ मध्ये परवानगी देताना चौकटीत ठळक इशारा छापायला लावला : मागील वर्षभरात हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झालेल्या रुग्णाला हे औषध सुरू करू नये, आणि उपचार चालू असताना तसे घडल्यास ते थांबवावे. युरोपीय नियामकाने याहून कडक अट घातली. तेथे असा झटका आयुष्यात कधीही येऊन गेला असला तरी हे औषध वर्ज्य आहे. युरोपचा नियम सामान्य रुग्णासाठी अधिक शहाणपणाचा वाटतो, कारण दुसरे पर्याय हाताशी असतात. झटका आलेला नसला तरी मधुमेह, उच्च रक्तदाब व धूम्रपान एकत्र असलेल्या रुग्णाच्या बाबतीत हृदयरोगतज्ज्ञाचे मत आधी घ्यावे.

हा सावधपणा पूर्वानुभवातून आला आहे. ओडानाकॅटिब या गोळीने अस्थिभंग कमी केले होते, तरीही पक्षाघाताचा धोका वाढलेला दिसल्याने मर्क कंपनीने २०१६ मध्ये तिचा विकास सोडून दिला. स्ट्राँशियम रॅनेलेट युरोपात अनेक वर्षे विकले गेले. हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण जास्त आढळल्यावर हृदयाच्या, मेंदूच्या किंवा पायांच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्यांना आणि रक्तदाब आटोक्यात नसलेल्यांना ते वर्ज्य ठरले. जुन्या चिठ्ठीवर हे नाव असेल तर ते डॉक्टरांना जरूर दाखवावे.

हृदयरुग्णासाठी पहिला विचार बहुधा बिस्फॉस्फोनेट गटाचा होतो. ही औषधे हाड कुरतडणाऱ्या पेशींना निष्प्रभ करतात. ॲलेंड्रोनेट आठवड्यातून एकदा, ७० मिलिग्रॅम, सकाळी अनशापोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर घेतात आणि त्यानंतर किमान अर्धा तास आडवे व्हायचे नसते. हा नियम अन्ननलिकेला इजा होऊ नये म्हणून आहे. ॲस्पिरिन चालू असलेल्या, पोटात जळजळ होणाऱ्या रुग्णाने तो कसोशीने पाळावा. हे जमत नसेल तर झोलेड्रोनिक ॲसिड वर्षातून एकदा ५ मिलिग्रॅम, शिरेतून, किमान १५ मिनिटे चालवून देतात. २००७ च्या ‘होरायझन’ चाचणीत त्याने मणक्याचे अस्थिभंग ७० टक्क्यांनी व खुब्याचे ४१ टक्क्यांनी घटवले. त्याच चाचणीत गंभीर स्वरूपाचे एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे अलिंदांचे अनियमित कंपन, १.३ टक्के विरुद्ध ०.५ टक्के आढळले आणि बराच गजहब झाला. पण खुबा मोडलेल्या २,१२७ रुग्णांवरील जोडचाचणीत असा फरक दिसला नाही. उलट मृत्यू २८ टक्क्यांनी कमी झाले. ठोक्यांची अनियमितता पूर्वीपासून असेल तर डॉक्टरांना सांगावे, पण तेवढ्याने हे औषध बाद होत नाही. खरी अट मूत्रपिंडाची आहे. क्रिएटिनिन क्लिअरन्स मिनिटाला ३५ मिलिलिटरच्या खाली असेल तर झोलेड्रोनिक ॲसिड देत नाहीत. हृदय निकामी होत असल्याने फ्युरोसेमाइडसारखी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांच्या शरीरात पाणी कमी पडलेले असल्यास मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. म्हणून सलाइन लावण्याआधी रक्ततपासणी हवीच.

मूत्रपिंड अशक्त असल्यास डेनोसुमॅबकडे वळतात. हे ६० मिलिग्रॅमचे इंजेक्शन दर सहा महिन्यांनी घ्यायचे असते. ७,८६८ स्त्रियांवरील ‘फ्रीडम’ चाचणीत हृदयाचा धोका वाढलेला आढळला नाही. धोका आहे तो रक्तातील कॅल्शियम घसरण्याचा. ते फार घसरले तर हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडते. डायलिसिसवरील रुग्णांत हे इतके गंभीर ठरले की अमेरिकेत जानेवारी २०२४ मध्ये त्याबद्दल चौकटीतला इशारा आला. डेनोसुमॅब परस्पर बंद करू नये. तसे केल्यास हाडांची झीज उसळी मारून परतते आणि एकापाठोपाठ मणके दबल्याची उदाहरणे आहेत. हाड घडवणारे टेरिपॅराटाइड हा आणखी एक पर्याय; ते रोज २० मायक्रोग्रॅम टोचून घेतात. त्याने झटक्याचा धोका वाढत असल्याचे दिसलेले नाही. मात्र सुरुवातीच्या काही दिवसांत उभे राहताना रक्तदाब पडून चक्कर येऊ शकते. हे औषध देताना, हृदयासाठी डिगॉक्सिनही घेणाऱ्यांच्या रक्तातील कॅल्शियमवर लक्ष ठेवावे लागते.

हाडांवर इस्ट्रोजेनसारखे काम करणाऱ्या रॅलॉक्सिफेनकडून हृदयरक्षणाची आशा होती. १०,१०१ स्त्रियांवरील ‘रूथ’ चाचणीत ती फोल ठरली : झटके कमी झाले नाहीत, शिरांतील गुठळ्या आणि पक्षाघाताने होणारे मृत्यू मात्र वाढले. झटका किंवा पक्षाघात होऊन गेलेल्या स्त्रीला केवळ हाडांसाठी इस्ट्रोजेन सुरू करणेही योग्य नाही.

कॅल्शियमच्या गोळ्यांवरील वाद २०१० मध्ये पेटला. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधील एकत्रित विश्लेषणात त्या घेणाऱ्यांत झटक्याचे प्रमाण सुमारे ३० टक्के जास्त दिसले. पुढील अभ्यासांनी याला एकमुखी दुजोरा दिला नाही. आहारातील कॅल्शियमवर असा ठपका नाही. म्हणून नाचणी, तीळ, दूध, दही, राजगिऱ्याची पालेभाजी आणि काट्यांसकट खाल्ले जाणारे लहान मासे यांतून जेवढे मिळेल तेवढे मिळवावे आणि उरलेली तूट गोळीने भरावी, हा मार्ग बरा. ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता मात्र इंजेक्शनाआधी भरून काढलीच पाहिजे.

हृदयाच्या व सोबतच्या आजारांच्या औषधांचाही हाडांवर परिणाम होतो. फ्युरोसेमाइडमुळे लघवीतून कॅल्शियम जाते, रक्तदाबाच्या थायाझाइड गोळ्या ते राखतात. रक्तदाबाच्या गोळीचा डोस जास्त झाला तर पहाटे उठताना तोल जातो. मधुमेहासाठी भारतात आजही दिले जाणारे पायोग्लिटाझोन दोन्हीकडे नुकसान करू शकते : त्याने स्त्रियांत अस्थिभंग वाढतात आणि अशक्त हृदयावर ताण येतो. हाडे ठिसूळ असून हृदयही कमजोर असलेल्या रुग्णाच्या यादीत ते दिसले तर प्रश्न विचारलाच पाहिजे.

हाडांचे डॉक्टर आणि हृदयाचे डॉक्टर बहुधा एकमेकांच्या चिठ्ठ्या पाहत नाहीत. तेव्हा झटका, पक्षाघात, अँजिओप्लास्टी यांच्या तारखा, चालू गोळ्यांची पूर्ण यादी आणि अलीकडचा क्रिएटिनिन व कॅल्शियमचा अहवाल एका कागदावर लिहून पहिल्या इंजेक्शनाआधी दोघांनाही दाखवावा, आणि दोघांचे बोलणे झाल्याशिवाय कोणतेही औषध स्वतःहून सुरू किंवा बंद करू नये.