सोहिरोबानाथांची शब्दकळा : काही शब्दांचे मूळ

सोहिरोबानाथ आंबिये (जन्म १७१४) यांचे घराणे मूळचे पेडणे महालातील पालये गावचे. ते स्वतः बांद्याचे कुलकर्णी. पेडणे, डिचोली व सत्तरी हा मुलूख त्या काळी मुख्यत्वे सावंतवाडीकरांच्या अमलाखाली होता. १७८० नंतरच्या दशकात तो पोर्तुगिजांकडे गेला व ‘नव्या काबिजादीं’त गणला जाऊ लागला. जुन्या काबिजादींत धर्मसमीक्षणसभेने जे घडविले ते येथे घडले नाही. त्यामुळे या भागातील भजनाची परंपरा अखंड राहिली. परंतु गाता गाता शब्दांचे अर्थ पालटतात.

प्रथम ‘कुलकर्णी’ हाच शब्द पाहावा. त्यातील ‘कर्णी’चा कानाशी संबंध नाही, ‘करण’ म्हणजे लेखक, कारकून. ‘कर्णिक’ही त्याच कुळीचा. अक्षरांवर उपजीविका करणाऱ्या या गृहस्थाने पुढे आपल्या एका ग्रंथास ‘पूर्णाक्षरी’ नाव दिले. ‘अक्षर’ म्हणजे वर्ण आणि ‘अक्षर’ म्हणजे न झरणारे, अविनाशी. दोन्ही अर्थ एका शब्दात नांदतात, आणि दप्तर सोडून नाथपंथात आलेल्या कवीस ते ठाऊक नव्हते असे मानणे कठीण.

‘महदनुभवेश्वरी’ या नावात ‘ज्ञानेश्वरी’चा आदर्श उघड आहे. मात्र ‘ज्ञानेश्वरी’त कर्त्याचे नाव आहे, येथे नाही. ‘ईश्वरी’ हे पद तोवर ग्रंथनामाचा एक साचाच होऊन बसले होते, असे मला वाटते.

खरी अडचण ‘निरंजन’ शब्दाची. नाथपंथीयांच्या ‘अलख निरंजन’ या घोषातील ‘अलख’ म्हणजे अलक्ष्य, न दिसणारे. प्राकृतात ‘क्ष्य’चा ‘क्ख’ झाला व पुढे ‘ख’ उरला. ‘निरंजन’ म्हणजे ज्यास अंजन, अर्थात काजळी, लागली नाही ते. देवघरातील तुपाचे निरांजन मात्र वेगळ्या मुळाचे : संस्कृत ‘नीराजन’, म्हणजे ओवाळणे. बोलण्यात त्यालाही आपण सर्रास ‘निरंजन’ म्हणतो. सांजवेळी दिव्यासमोर बसून पद ऐकणाऱ्या माउलीस त्या शब्दात समोरची ज्योतच दिसली, तर तिला अडाणी कोण म्हणेल? काजळी नसलेली ज्योत, हा अर्थ मूळ कल्पनेपासून फारसा दूरही नाही. तरीही जुन्या बाडात ‘निरंजन’ आढळल्यास संपादकाने त्यावर काना चढवू नये. त्या एका कान्याने निर्गुण ब्रह्माचे पितळी उपकरण होते, आणि छापील पुस्तक हाती आले की गाणारेही तेच गाऊ लागतात.