चांगले पुस्तक कोण सुचवते? गिरणगावातील तीन पुस्तकांचा इतिहास

१/
कॉटन ग्रीन या स्थानकाच्या नावातच कापूस आहे. मुंबईचा कापूस बाजार आरंभी किल्ल्यातील मोकळ्या हिरवळीवर, म्हणजे आजच्या हॉर्निमन सर्कलच्या जागी भरत असे. १८४४ मध्ये तो कुलाब्यास हलला आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात शिवडी-माझगावच्या भरावावर आला. जागा बदलली, नाव मात्र सोबत आले. या बाजारात एका कामाला विशेष मान होता. गाठीतून नमुना काढायचा, तंतूची लांबी, रंग आणि स्वच्छता पाहायची आणि मालाची प्रत ठरवायची.

२/
मराठीत कापसाच्या दर्जाला प्रत म्हणतात आणि पुस्तकाच्या छापील नगालाही प्रतच म्हणतात. कॉटन ग्रीनपासून पश्चिमेकडे काळाचौकी, लालबाग, परळ असा पसरलेला प्रदेश म्हणजे गिरणगाव. येथे कापसाची प्रत ठरवणारे जाणकार होते. पण पुस्तकाची प्रत कोण ठरवत होते? ज्या घरात वाचणारी पहिलीच पिढी आहे आणि एका पुस्तकासाठी महिन्याचे गणित बिघडते, त्या घरातील मुलाला कोणते पुस्तक वाचावे हे कोण सांगणार? या प्रश्नाचा मागोवा परळमधील एका विद्यार्थ्याच्या चरित्रातून घेता येतो.

३/
विसाव्या शतकाच्या आरंभी निवृत्त सुभेदार रामजी सकपाळ यांचे कुटुंब साताऱ्याहून मुंबईस आले आणि परळच्या डबक चाळीतील एका खोलीत राहू लागले. धाकटा मुलगा भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकत होता. चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदवले आहे की, मुलाला पुस्तक हवे असले आणि हाती पैसा नसला की रामजी आपल्या विवाहित मुलींकडे जात. पैसे मिळाले नाहीत तर त्यांचा एखादा दागिना मागून आणत, तो गहाण ठेवत आणि निवृत्तिवेतन हाती आले की सोडवून परत करत. त्या घरात पुस्तकाची किंमत दागिन्याने मोजली जात होती.

४/
रामजी स्वतः कबीरपंथी. मुलांनी रामायण-महाभारत वाचावे असा त्यांचा आग्रह असे. या घरातील पहिला शिफारसकर्ता तो पिता होता. दुसरा भेटला तो घराबाहेर, पुस्तकांच्याच निमित्ताने.

५/
कृष्णाजी अर्जुन केळुसकर (१८६०–१९३४) हे वेंगुर्ल्याजवळच्या केळूस गावचे. ते विल्सन हायस्कूलमध्ये शिक्षक होते. इतिहासाच्या वाचकांना त्यांचे नाव शिवचरित्रकार म्हणून परिचित आहे. त्या चरित्राच्या आधारे न. स. टाकखव यांनी सिद्ध केलेला इंग्रजी ग्रंथ १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला. कीरांच्या चरित्रानुसार, शाळा सुटल्यावर भीमराव चर्नी रोडच्या बागेत वाचत बसे. केळुसकरही तेथे येत. रोज पुस्तकात डोके घालून बसणारा हा मुलगा त्यांच्या नजरेत भरला. त्यांनी चौकशी केली, आपल्याजवळची पुस्तके त्याला वाचायला दिली आणि त्याच्या वाचनाला वळण लावले.

६/
पुढे भीमरावाच्या परीक्षेतील यशाबद्दल सत्काराची सभा झाली. त्या सभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेले ‘गौतम बुद्धाचे चरित्र’ त्याला भेट दिले. हा ग्रंथ १८९८ चा, सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने चालणाऱ्या बडोद्याच्या ग्रंथमालेसाठी लिहिलेला. योगायोगाने त्याच वर्षी मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना झाली. शहरात मराठी पुस्तकांचा सार्वजनिक संग्रह आकार घेत होता. परंतु परळच्या चाळीतील मुलाच्या हाती हे पुस्तक पडले ते एका माणसामुळे.

७/
येथे अभ्यासकाने थोडे थांबावे. ही सभा नेमकी कधी झाली? कीरांचे इंग्रजी चरित्र १९५४ चे. ते सांगते की सभा मॅट्रिकच्या यशानंतर १९०७ मध्ये झाली आणि अध्यक्षस्थानी सीताराम केशव बोले होते. हेच ते बोले, ज्यांच्या १९२३ च्या ठरावामुळे सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा निर्णय मुंबईच्या कायदेमंडळात झाला. स्वतः डॉ. आंबेडकरांनी १९५६ मध्ये ‘द बुद्ध अँड हिज धम्म’साठी लिहिलेल्या प्रस्तावनेत मात्र परीक्षा इंग्रजी चौथीची होती, अध्यक्ष दादा केळुसकर होते आणि ते वडिलांचे स्नेही होते, असे म्हटले आहे. १९५७ च्या पहिल्या आवृत्तीत ही प्रस्तावना छापली गेली नाही; ती पुढे स्वतंत्रपणे प्रकाशात आली.

८/
चरित्रकार एक सांगतो, चरित्रनायक दुसरे. पन्नास वर्षांपूर्वीच्या आठवणीत तपशील सरकू शकतो. चरित्रकाराच्या हाती आलेल्या माहितीतही तो सरकू शकतो. परंतु देणारा कोण, पुस्तक कोणते आणि त्याचा परिणाम काय, या तीन बाबींवर दोन्ही साधने एकमत आहेत. म्हणून तारखेचा प्रश्न खुला ठेवूनही मूळ घटना निःशंकपणे स्वीकारता येते.

९/
त्या प्रस्तावनेतील पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. बुद्धचरित्र वाचून झाल्यावर मुलाने वडिलांना प्रश्न केला. आपल्याला बौद्ध वाङ्मयाचा परिचय का करून दिला नाही? ज्या ग्रंथांत ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी आणि शूद्र-अस्पृश्यांची अवहेलना आहे, ते वाचण्याचा आग्रह कशासाठी? वडिलांना हा प्रश्न रुचला नाही. तरी मुलाने पिच्छा सोडला नाही आणि अखेर त्यांनी कारण सांगितले. आपण अस्पृश्य, त्यामुळे मुलांच्या मनात न्यूनगंड येण्याची भीती; द्रोण, कर्ण, वाल्मीकी हे सामान्य स्थितीतून केवढ्या उंचीला पोहोचले हे वाचले की तो गंड जातो, असा त्यांचा विचार होता.

१०/
मुलाचे समाधान झाले नाही. तरीही वडिलांची शिफारस वाया गेली असे म्हणता येत नाही. आपण बुद्धाकडे रिकाम्या मनाने गेलो नाही, पार्श्वभूमी तयार होती, त्यामुळे प्रत्येक टप्प्यावर तुलना करता आली, अशा आशयाची कबुली त्याच प्रस्तावनेत आहे. एका शिफारशीने दुसरीला कसोटी पुरवली. पित्याने आपल्या निवडीचे कारण सांगितले नसते, तर मुलाला ते पारखता आले नसते आणि नाकारताही आले नसते.

११/
केळुसकरांचे काम पुस्तक देऊन संपले नाही. इंटरमीडिएटनंतर शिक्षण अडले तेव्हा त्यांनी भीमरावाला सयाजीराव गायकवाडांच्या भेटीस नेले. महाराजांनी दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली. एल्फिन्स्टन महाविद्यालयात प्राध्यापक म्युलर यांनीही आपली पुस्तके वापरायला दिली. पुस्तक सुचवणारा वाचकाच्या पुढच्या वाटचालीचीही थोडी जबाबदारी घेतो, हे या दोन्ही उदाहरणांतून दिसते.

१२/
येथवरचा इतिहास व्यक्तींचा. पण प्रत्येक चाळीतल्या प्रत्येक मुलाला केळुसकर भेटणार कसे? या उणिवेवर उपाय म्हणून संस्था आल्या. सयाजीरावांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बडोद्यास बोलावले. त्या संस्थानात उभ्या राहिलेल्या ग्रंथालय व्यवस्थेत पुस्तकांच्या पेट्या गावोगावी फिरू लागल्या. मुंबईत १९११ मध्ये नारायण मल्हार जोशी यांनी सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. कामगार वस्त्यांत रात्रशाळा, वाचनालये आणि फिरती ग्रंथालये हे तिच्या कामाचे अंग होते. परळचे दामोदर हॉल हे तिचे केंद्र बनले.

१३/
त्याच दामोदर हॉलमध्ये १९२४ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेची कचेरी सुरू झाली. ते स्वतः तेव्हा जवळच परळच्या बीआयटी चाळीत राहत होते. सभेच्या उद्दिष्टांत वाचनालये आणि अभ्यासवर्ग काढून बहिष्कृत वर्गात संस्कृतीचा प्रसार करणे हे कलम स्पष्टपणे होते आणि मुंबईत तिने मोफत वाचनालयही चालवले. ज्या मुलाला बागेत पुस्तक मिळाले होते, तो आता त्याच परळमध्ये इतरांसाठी पुस्तकांची सोय करू लागला. पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी राजगृह बांधले ते प्रामुख्याने ग्रंथसंग्रहासाठी.

१४/
आता दुसरे पुस्तक. १९४० च्या दशकात लोक डॉ. आंबेडकरांना विचारू लागले की, बौद्ध धर्मावर वाचावे असे चांगले पुस्तक कोणते? ते निःसंकोचपणे एक नाव सांगत : मद्रासचे प्राध्यापक पी. लक्ष्मी नरसू यांचे ‘द इसेन्स ऑफ बुद्धिझम’. हे पुस्तक १९०७ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले होते. अडचण अशी की ते दीर्घकाळ बाजारात मिळतच नव्हते. वाचकाला नाव कळले तरी पुस्तक हाती येणार नव्हते.

१५/
यावर त्यांनी काय केले? १९४८ मध्ये मुंबईहून त्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढवली, तिला प्रस्तावना लिहिली आणि पुनर्मुद्रणाचे हे कारण त्या प्रस्तावनेतच नमूद केले. त्या वेळी ते देशाचे कायदामंत्री होते आणि संविधानाच्या मसुद्याचे काम सुरू होते. तरीही आपण सुचवलेले पुस्तक लोकांना मिळत नाही, ही गोष्ट त्यांना दुर्लक्ष करण्याजोगी वाटली नाही.

१६/
तिसरे पुस्तक याच शोधाच्या शेवटी येते. बौद्ध वाङ्मय अफाट, अनेक भाषांत विखुरलेले. ख्रिस्ती माणसाच्या हाती जसे बायबल असते तसा एक सुटसुटीत ग्रंथ बौद्धांकडे नाही, हा मुद्दा त्यांनी १९५० मध्ये महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात मांडला. ज्याला जे पुस्तक द्यायला हवे ते अस्तित्वातच नव्हते, म्हणून त्यांनी ते लिहायला घेतले. १९५६ मध्ये ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ पूर्ण झाले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धर्मांतर झाले, ६ डिसेंबरला लेखकाचे निधन झाले आणि १९५७ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला.

१७/
एका भेट दिलेल्या पुस्तकामुळे धर्मांतर झाले, असा सरळ कार्यकारणभाव मांडणे मात्र इतिहासाला धरून होणार नाही. मध्ये महाडचा सत्याग्रह आहे, काळाराम मंदिराचा लढा आहे, १९३५ ची येवल्याची घोषणा आहे आणि त्यानंतरचा दोन दशकांचा धर्मचिकित्सेचा व्यासंग आहे. केळुसकरांच्या पुस्तकाने एक दार दाखवले; त्यातून आत जायचे की नाही, याचा निर्णय वाचकाने सुमारे अर्धशतक विचार करून घेतला. डॉ. आंबेडकरांनी स्वतः त्या पुस्तकाला आपल्या आवडीचे उगमस्थान मानले आहे. उगम आणि नदी यांतील अंतर लक्षात ठेवूनच ते विधान वाचावे.

१८/
मद्रासचे ग्रंथपाल एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. प्रत्येक वाचकासाठी त्याचे पुस्तक असते आणि प्रत्येक पुस्तकासाठी त्याचा वाचक, हा त्यांतील दोन नियमांचा आशय. गिरणगावाचा अनुभव त्याला एक पुरवणी जोडतो. वाचक आणि पुस्तक यांची गाठ आपोआप पडत नाही. कुणीतरी ती घालून द्यावी लागते आणि त्यासाठी वेळ, पैसा किंवा श्रम खर्चावे लागतात.

१९/
आजच्या तरुण वाचकापुढे टंचाई पुस्तकांच्या नावांची नाही. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९५० या काळातील मराठी पुस्तकांची सूची दोन खंडांत (१९४३ व १९६१) सिद्ध करून ठेवली आहे. अमुक विषयावर मराठीत काय लिहिले गेले, हे शोधण्याचे ते आजही भक्कम साधन आहे. मात्र ‘वाचलेच पाहिजेत असे दहा ग्रंथ’ अशा याद्यांनी ते काम होत नाही. त्या याद्यांना वाचक ठाऊक नसतो आणि निवडीचे कारण बहुधा सांगितलेले नसते.

२०/
म्हणून कुणी पुस्तक सुचवले की परळच्या त्या मुलासारखे विचारावे : हेच का? सुचवणाऱ्याला उत्तर देता आले तर ते पुस्तक जरूर वाचावे आणि त्याच विषयावरचे वेगळ्या मताचे दुसरेही सोबत ठेवावे, म्हणजे तुलना करता येते. स्वतः सुचवण्याची वेळ आली तर आधी समोरच्याने आजवर काय वाचले आहे ते जाणून घ्यावे, निवडीचे कारण सांगावे आणि ते पुस्तक त्याला मिळते का, हेही पाहावे. मिळत नसेल, तर आपली प्रत त्याच्या हाती द्यावी.