ग्राहकोपयोगी वस्तूंचे पर्यावरणीय मूल्यमापन

एखादी वस्तू विकत घेण्यापूर्वी तिचा कच्चा माल, निर्मिती, वाहतूक, वापर व अखेरची विल्हेवाट या सर्व अवस्थांमध्ये हवा, पाणी, जमीन व जीवसृष्टी यांवर होणाऱ्या परिणामांचा अंदाज घेणे, यास त्या वस्तूचे पर्यावरणीय मूल्यमापन म्हणतात. किंमत, टिकाऊपणा व शुद्धता यांची पारख ग्राहक पूर्वापार करीत आला आहे. ही नवी पारख विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील असून ती डोळ्यांनी करता येत नाही, हीच तिची मूळ अडचण होय. ज्वारीचा दाणा तळहातावर घेऊन पाहता येतो, कापडाचा पोत बोटांना कळतो. परंतु धुण्याची पूड नाल्यात गेल्यावर पाण्याचे काय करते किंवा शेरभर साखरेसाठी किती पाणी खर्ची पडले, हे त्या वस्तूकडे पाहून समजत नाही. ते दुसऱ्या कोणीतरी मोजून सांगावे लागते.

अशा मोजणीचा प्रारंभ अमेरिकेत झाला. १९६९ साली कोका-कोला कंपनीसाठी मिडवेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूट या संस्थेने पेयांच्या निरनिराळ्या बाटल्या व डबे यांना लागणारी ऊर्जा व कच्चा माल आणि त्यांपासून होणारे प्रदूषण यांची तुलना केली. पुढे या पद्धतीस जीवनचक्र मूल्यमापन असे नाव मिळाले आणि १९९७ पासून तिच्यासाठी आंतरराष्ट्रीय मानके प्रसिद्ध झाली. पद्धत तज्ञांची होती. सामान्य ग्राहकापर्यंत तिचे निष्कर्ष पोहोचविण्यासाठी चिन्हाचा मार्ग काढण्यात आला. पश्चिम जर्मनीने १९७८ साली ‘निळा देवदूत’ हे चिन्ह सुरू केले. नॉर्डिक देशांचे हंसचिन्ह १९८९ मधील, तर यूरोपीय समुदायाचे चिन्ह १९९२ मधील आहे.

महाराष्ट्रात ग्राहक चळवळ याच सुमारास उभी राहिली. बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू झाले व १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. सामूहिक खरेदी करून सभासदांना चोख माल वाजवी भावात पुरविणे, हे मुंबईच्या पंचायतीच्या कार्याचे वैशिष्ट्य होय. टंचाई, भेसळ व साठेबाजी यांच्या त्या काळात चळवळीचा रोख भाव, वजन आणि शुद्धता यांवर राहिला, हे स्वाभाविकच होते. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही त्याचेच प्रतिबिंब दिसते. मालाचा दर्जा, परिमाण, प्रभाव, शुद्धता, मानक व किंमत यांची माहिती मिळण्याचा हक्क त्याने दिला. वस्तूचा पर्यावरणावरील परिणाम या यादीत नव्हता. २०१९ च्या नव्या कायद्यातही ही यादी जवळजवळ जशीच्या तशी उतरली आहे.

ही उणीव अंशतः भरून काढणारी योजना भारत सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाने फेब्रुवारी १९९१ मध्ये ‘ईकोमार्क’ या नावाने जाहीर केली. साबण व प्रक्षालके, कागद, रंग, विद्युत्‌घट, वंगणतेले, आवेष्टने, प्लॅस्टिकच्या वस्तू, कापड इ. प्रकारच्या मालासाठी निकष ठरविण्यात आले आणि परवाने देण्याचे काम भारतीय मानक ब्यूरोकडे सोपविण्यात आले. मातीचा माठ हे या योजनेचे चिन्ह होते. माती निसर्गात पुन्हा मिसळते, माठ घडविण्यास ऊर्जा थोडी लागते आणि तो मजबूत तसाच नाजूकही असतो, म्हणून त्याची निवड झाली. ती समर्पक होती यात शंका नाही. मात्र ज्या माठावरून हे चिन्ह घेतले, तो विकणाऱ्या कुंभाराला परवान्याशी कधी कर्तव्य नव्हते. चिन्ह घेणे ऐच्छिक असून मालाने सर्वसाधारण दर्जाची मानकेही पूर्ण करणे आवश्यक होते. चाचण्यांचा खर्च उत्पादकाने करावयाचा, पण चिन्ह पाहून माल मागणारा ग्राहक बाजारात नाही, अशा स्थितीत फारच थोड्या उत्पादकांनी परवाने घेतले. तीस वर्षांनंतरही बहुसंख्य ग्राहकांनी हा माठ दुकानात पाहिलेला नव्हता.

याउलट ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २००६ साली सुरू केलेली तारांकन पद्धती घराघरांत पोहोचली. २०१० पासून ती वातानुकूलन यंत्रे व हिमरहित प्रशीतक यांसारख्या काही उपकरणांना सक्तीची झाली. अधिक तारे म्हणजे विजेचे कमी देयक, हे ग्राहकाला लगेच उमगते. तारांचे निकष वेळोवेळी कडक केले जात असल्याने जुन्या यंत्राचे पाच तारे व नव्याचे पाच तारे सारखे नसतात, एवढे मात्र ध्यानात ठेवावे लागते. शिवाय तारे फक्त विजेचे असतात. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात वापरला जाणारा वाळ्याचा वा गवताचा कूलर वातानुकूलन यंत्रापेक्षा पुष्कळ कमी वीज घेतो, पण तो दिवसभर पाणी पितो. आणि या प्रदेशात विजेपेक्षा पाणी दुर्मिळ असण्याचे प्रसंग येतात.

एकच आकडा सर्वत्र लागू पडत नाही, याचे सर्वांत बोलके उदाहरण याच प्रदेशात सापडते. मुरुड हे लातूर–बार्शी मार्गावरील लातूर तालुक्यातील मोठे बाजाराचे गाव. तेथील किराणा दुकानात साखर व सोयाबीनचे तेल शेजारीशेजारी विकले जाते, कारण ऊस व सोयाबीन ही दोन्ही या टापूतील प्रमुख नगदी पिके आहेत. वस्तूच्या निर्मितीत खर्ची पडणाऱ्या पाण्याची गणना करण्याची ‘जलपदचिन्ह’ ही कल्पना डच शास्त्रज्ञ आर्यन हूक्स्ट्रा यांनी २००२ साली मांडली. तिच्या जागतिक सरासरीनुसार एक किग्रॅ. ऊससाखरेस सु. १,८०० लि., तर एक किग्रॅ. सोयाबीनच्या दाण्यास सु. २,१०० लि. पाणी लागते. केवळ हे आकडे पाहणारा ग्राहक साखरेला कमी दोष देईल. परंतु येथील सोयाबीन हे मुख्यतः खरिपाचे पीक असून ते शेतावर पडलेल्या पावसावर येते. ऊस शेतात वर्षभर किंवा अधिक काळ उभा असतो व सरासरी ८०० मिमी.च्या आसपास पाऊस असलेल्या या भागात त्याला धरणाचे, विहिरीचे वा कूपनलिकेचे पाणी द्यावेच लागते. हेच पाणी गावांना पिण्यासाठीही हवे असते. पहिल्या प्रकारच्या पाण्यास ‘हिरवे’ व दुसऱ्यास ‘निळे’ पाणी म्हणतात. राज्यातील पिकांखालील क्षेत्राच्या ४ टक्क्यांहून कमी जागेत असलेला ऊस सिंचनाच्या पाण्यापैकी सु. ७० टक्के पाणी घेतो, असे केंद्रीय कृषिखर्च व मूल्य आयोगाने दाखवून दिले आहे.

याची किंमत २०१६ मध्ये दिसून आली. लागोपाठच्या अवर्षणांमुळे धनेगाव येथील मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. १२ एप्रिल २०१६ रोजी सु. ५ लाख लि. पाणी घेऊन पहिली गाडी लातुरास पोहोचली. पुढे पन्नास टाक्यांच्या गाड्या सु. २५ लाख लि. पाणी आणू लागल्या. या आपत्तीचा सगळा दोष उसावर टाकणे योग्य नव्हे. पाऊस खरोखरच कमी झाला होता. शेतकरी ऊस लावतो तोही हौसेने नव्हे, तर खरेदीची व किमान भावाची हमी असलेली दुसरी पिके त्याला सहसा मिळत नाहीत म्हणून. तथापि साखरेच्या पोत्यावर कारखान्याचे नाव, प्रत व हंगाम लिहिलेला असतो. तो ऊस मुबलक पाण्याच्या प्रदेशातला की टँकरवर जगणाऱ्या तालुक्यातला, ठिबकवर वाढलेला की पाटाच्या पाण्यावर, याचा त्यावर उल्लेख नसतो.

पिशवीच्या बाबतीतही असाच पेच आहे. महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्या व थर्मोकोलची ताटे यांवर बंदी घातली आणि कापडी पिशवीचा प्रसार झाला. ब्रिटनच्या एन्व्हायरन्मेंट एजन्सीने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, तापमानवाढीपुरते पाहता, एकदाच वापरलेल्या पातळ प्लॅस्टिक पिशवीपेक्षा सुती पिशवी सरस ठरण्यासाठी ती १३१ वेळा वापरावी लागते. गटारे तुंबणे वा गुरांच्या पोटात प्लॅस्टिक जाणे हे त्या हिशेबात धरलेले नाही. जुन्या लुगड्याची वा धोतराची शिवलेली पिशवी या गणितातून सुटते, कारण तिच्यासाठी नवा कापूस पिकवावा लागत नाही.

चिन्हे वाढली तसे खोटे दावेही वाढले. ‘नैसर्गिक’, ‘हरित’ यांसारखे मोघम शब्द पुराव्याविना जाहिरातीत वापरण्यास आळा घालण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. तत्पूर्वी सप्टेंबर २०२४ मध्ये ईकोमार्कचे नवे नियम अधिसूचित होऊन १९९१ ची योजना मागे पडली व कारभार केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आला. नव्या नियमांतही चिन्ह घेणे उत्पादकाच्या इच्छेवर आहे. मुरुडसारख्या बाजारात डाळ, गूळ व साखर पुष्कळदा सुटी, तागडीने मोजून विकली जाते. ज्या मालाला वेष्टनच नाही, त्यावर चिन्ह छापण्यास जागाही नसते.