एक दिवस जुन्नरच्या पेठेत

स्मरणिका समितीने "आपल्या परिसराच्या इतिहासावर काहीतरी लिहा, पण लोक वाचतील असं लिहा," असं बजावून सांगितलं. दुसरी अट जरा अवघड. म्हणून इतिहास आणि सहल यांची सांगड घालतो आहे. गेली दोन वर्षं संध्याकाळी बाकावर बसलो की आपल्या ज्येष्ठ मंडळींमध्ये "एकदा सगळे मिळून जुन्नरला जाऊ" हा विषय निघतो. मग कोणाची गुडघेदुखी, कोणाकडे लग्न, कोणाचा नातू आलेला, आणि तारीख पुढच्या महिन्यावर जाते. या रौप्यमहोत्सवी वर्षात तरी ती ठरावी, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच.

"जुन्नरला त्यात काय जायचं? शिवनेरी पाहिलाय, लेण्याद्री केलंय," असं कोणी म्हणेल. बरोबर आहे. मंचरहून जुन्नर तासाभराच्या अंतरावर. शिवनेरी शाळेच्या सहलीत होतो, लेण्याद्री आणि ओझर अष्टविनायकात होतात. पण गड आणि गणपती यांच्या मधे जे जुन्नर गाव आहे, त्यातून आपली गाडी हॉर्न वाजवत फक्त पुढे जाते. त्या गावासाठी म्हणून एक अख्खा दिवस काढलेला माणूस आपल्यात क्वचितच सापडेल. माझा प्रस्ताव असा की या वेळी गडावर जायचं नाही. गड खालूनच पाहायचा आणि दिवस पेठेला द्यायचा.

याचं कारण इतिहासातच आहे. गडामुळे गाव वसलं असं आपण समजतो, पण इथे बाजार गडाहून जुना आहे. कल्याण आणि सोपारा या बंदरांत उतरलेला माल नाणेघाट चढून देशावर यायचा, तो जुन्नरच्या खोऱ्यात. नाणेघाटात सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. तिने यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी यांचे आकडे त्यात कोरलेले आहेत. ब्राह्मी अंकांच्या अभ्यासात हा लेख फार महत्त्वाचा मानतात. आयुष्यभर आकडेमोड केलेल्या माझ्यासारख्याला तो राजघराण्याचा खर्चाचा रजिस्टरच वाटतो.

जुन्नरभोवतालच्या डोंगरांत लेणी किती? लेण्याद्री, तुळजा लेणी, मानमोडी, खुद्द शिवनेरीच्या पोटातली, सगळी मिळून दीडशेच्या वर. ती राजांनी कमी आणि व्यापारी, कारागीर, गृहस्थ यांनी जास्त कोरवली. लेण्याद्रीच्या मोठ्या चैत्यगृहाचा खर्च कल्याणच्या एका हेरणिकाच्या, म्हणजे सोनाराच्या किंवा खजिनदाराच्या मुलाने केला. त्याचं नाव सुलसदत्त. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने एक लेणं आणि पाण्याचं टाकं दिलं. काही दाते स्वतःला 'यवन' म्हणवतात. एकाने पाण्याची टाकी दिली, दुसऱ्याने भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला. आज जुन्नरमध्ये कल्याण पेठ आहे. ते नाव वाचलं की मला तो घाटाखालचा सुलसदत्त आठवतो.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. जुन्नरच्या एका शिलालेखात दात्याने वेळूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणीकडे ठेव ठेवल्याची नोंद आहे. श्रेणी म्हणजे त्या त्या व्यवसायाचा संघ. मुद्दल संघाकडे राहायचं आणि उत्पन्न धर्मकार्याला जायचं. याच प्रकारचा स्पष्ट हिशोब नाशिकच्या लेण्यात मिळतो. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापण दरमहा शेकडा १ व्याजाने आणि दुसरीकडे १००० पाऊण टक्क्याने ठेवले. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. त्या २००० च्या व्याजातून वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रासाठी द्यायचे. हिशोब करून बघा: महिन्याला २०, वर्षाला २४०, आणि बारा गुणिले वीस बरोबर २४०. एक पैचा फरक नाही! याच नहपानाचा अयम नावाचा अमात्य जुन्नरला होता. मानमोडीला त्याचा लेख आहे. म्हणजे आपल्या सोसायटीच्या सिंकिंग फंडाची कल्पना या भागात अठराशे-एकोणीसशे वर्षं जुनी आहे. वार्षिक सभेत वर्गणीवरून आवाज चढतो तेव्हा हे लक्षात ठेवावं.

पुढे १४७० च्या आसपास अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी चौलला उतरून, घाट चढून जुन्नरला आला. पावसाळ्याचे दोन महिने तो इथे अडकला. बरोबर विकायला एक घोडा होता. तो इथल्या सुभेदाराने, असद खानाने, काढून घेतला आणि धर्म बदललास तर घोडाही देतो, वर हजार मोहराही देतो असं सांगितलं. चार दिवसांची मुदत होती. खोजा महमद नावाच्या एका खुरासानी अधिकाऱ्याने मध्यस्थी केली आणि निकितिनचा घोडाही वाचला, धर्मही वाचला. परक्या गावात अडचणीत सापडलेल्या माणसाच्या मदतीला दुसरा परकाच धावला, ही गोष्ट मला गडकोटांच्या लढायांइतकीच मोठी वाटते. ती घडली ती याच गावात.

१४९० मध्ये मलिक अहमदने निजामशाही स्थापली तेव्हा त्याचं ठाणं जुन्नर होतं, अहमदनगर नंतरचं. पुढे मलिक अंबरच्या काळातही काही वर्षं राज्याचा कारभार जुन्नरहून चालला. १९ फेब्रुवारी १६३० ला शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला, हे लहान मूलही सांगेल. पण १६५७ मध्ये महाराजांनी स्वतः जुन्नरवर रात्री छापा घातला हे फार थोड्यांना ठाऊक असतं. तेव्हा गाव मोगलांकडे होतं. दोराच्या शिड्या लावून मावळे तटावर चढले आणि ३ लाख होन व २०० घोडे घेऊन गेले. गावात एवढी संपत्ती होती, यावरून पेठेची कल्पना यावी. जन्मस्थान असलेला शिवनेरी मात्र त्यांच्या हयातीत स्वराज्यात आला नाही. १६७५ मध्ये इंग्रज कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर जुन्नरला आला तो मोगल सुभेदाराच्या घरच्या स्त्रीवर उपचार करायला.

जुन्नरचा हातकागदही नावाजलेला होता. जुन्या दफ्तरांत 'जुन्नरी कागद' हा शब्द भेटतो. ज्या कागदावर इतरांचा इतिहास लिहिला गेला तो करणारे हात या गावचे होते, आणि तो धंदा आता संपला.

आता बेत. दिवाळीनंतर ते माघापर्यंतचा कोणताही दिवस, पण चतुर्थी, सुट्टी आणि शिवजयंतीचा आठवडा टाळून. सकाळी साडेसहाला गेटवरून निघायचं. ऊन व्हायच्या आत लेण्याद्री. पायऱ्या तीनशेच्या आसपास आहेत. ज्यांना जमेल त्यांनी चढावं, बाकीच्यांनी पायथ्याशी चहा घेत बसावं, कोणी कोणाला आग्रह करू नये. वर गेलेल्यांनी गिरिजात्मजाच्या दर्शनाबरोबर शेजारचं चैत्यगृहही बघावं. बहुतेक लोक दर्शन घेऊन तसेच उतरतात. साडेनवाला नाष्टा करून गावात.

गावात गाडी एका जागी लावायची आणि चालायचं. सदाबाजार, कल्याण पेठ, पणसुंबा पेठ, परदेशपुरा ही नावं वाचत वाचत. कुठे जुन्या वाड्याचा दगडी जोता आणि कोरीव चौकट दिसेल, तर कुठे त्याच जागेवर नवी इमारत. दुकानात जाऊन दोन वस्तू विकत घ्याव्यात, मालकाशी बोलावं, "किती पिढ्यांचं दुकान?" एवढंच विचारावं. पुढचं ते सांगतात. दुपारी मासवडी, रस्सा आणि बाजरीची भाकरी. आधी फोन करून सांगावं लागेल, पंचवीस जणांच्या मासवड्या ऐनवेळी होत नाहीत. जेवणानंतर हापूसबागेजवळचा सौदागर घुमट. ही कबर व्यापाऱ्याची म्हणून ओळखली जाते, पण थाट सरदाराचा. वेळ उरला तर तुळजा लेण्यांतलं बारा खांबांचं गोल चैत्यगृह. अंधार पडायच्या आत परतीला लागायचं. उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे, हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

आता घाई कशासाठी, तेही सांगतो. आपला तालुका आंबेगाव, पण आंबेगाव गाव कुठे आहे? डिंभे धरणाच्या पाण्याखाली. जलाशयाला महाळुंगे पडवळचे हुतात्मा बाबू गेनू यांचं नाव दिलं आहे, ते योग्यच आहे. त्या पाण्यावर आपली शेती उभी राहिली, तेव्हा तक्रार नाही. पण गाव गेलं ते गेलं. सातबाऱ्यावर, दाखल्यावर, आपल्या सोसायटीच्या शिक्क्यावर तालुक्याचं नाव राहिलं, आणि त्या नावाच्या बाजारातून चालण्याची सोय संपली.

जुन्नर पाण्यात जाणार नाही. उलट २०१८ मध्ये तो पर्यटन तालुका जाहीर झाला आणि जुलै २०२५ मध्ये शिवनेरीसह बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. गडाला त्यामुळे संरक्षण आहे, लेण्यांना पुरातत्त्व खातं आहे. पेठेला कोण आहे? वाडा एक एक करून उतरतो, आणि त्यात राहणाऱ्याला दोष देता येत नाही. गळकं छप्पर त्याच्या डोक्यावर असतं. आपण वाडा वाचवू शकत नाही. पण उभा आहे तोवर पाहू शकतो, नातवंडांना दाखवू शकतो. पंचवीस वर्षांपूर्वी या सोसायटीत राहायला आलेल्या मंडळींपैकी काही आज आपल्यात नाहीत. त्यांच्याबरोबरही "एकदा जाऊ" असंच बोलणं झालं होतं.

तेव्हा नावं सेक्रेटरींकडे द्यावीत. माणशी वर्गणी गाडी ठरल्यावर कळवली जाईल, आणि परत आल्यावर पै-पैचा हिशोब फलकावर लागेल, ही जबाबदारी माझी. मुलांना आवर्जून आणा. पाण्याची बाटली, टोपी आणि चालायच्या चपला एवढं पुरे.