कालवबीज संकलन

कालवबीज संकलन : निसर्गात जन्मलेली कालवांची पिल्ले कृत्रिम आधारावर बसवून कालवशेतीसाठी गोळा करण्याची पद्धती. कालवाचे डिंभ (अळ्या) पाण्यात सुमारे दोन ते तीन आठवडे तरंगतात. लांबी 0.3 मिमी.च्या आसपास झाली, की त्यांना नेत्रबिंदू व पाद फुटतो. पादाने चाचपत डिंभ कठीण, स्वच्छ पृष्ठभाग शोधतो, डाव्या शिंपेने त्याला कायमचा चिकटतो व पाद गमावतो. या टप्प्यावरील पिल्लू म्हणजे कालवबीज.

आधार म्हणून टाकाऊ वस्तू चालतात. केरळमधील अष्टमुडी व इतर खाड्यांत रिकाम्या शिंपांना भोके पाडून त्या दोरीत ओवतात. या माळेला ‘रेन’ म्हणतात. जपानमध्ये स्कॅलॉपच्या शिंपा वापरतात. फ्रान्समधील आर्काशाँ येथे 1860च्या दशकात चुना फासलेली कौले रूढ झाली. चुन्याचा थर खरवडला, की बीज न फुटता सुटते. याच तत्त्वावर अंड्यांच्या जुन्या ट्रेवर चुना-सिमेंटचा लेप देतात. ट्रे वाकवला, की लेप तडकून बीज मोकळे होते. जुने टायर स्वस्त असले, तरी त्यांतून रसायने पाझरत असल्याने ते टाळणे इष्ट.

यश मुख्यतः वेळेवर अवलंबून असते. माळा लवकर सोडल्यास त्यांवर गाळ, शेवाळ व बार्नॅकल साचतात आणि कालवांना जागा उरत नाही. उशीर झाल्यास डिंभांचा हंगाम निघून जातो. म्हणून पाण्याचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासून नेत्रबिंदू असलेले डिंभ दिसताच माळा टांगतात.