रोगप्रतिकारशक्ती: रिपोर्टवर आणि डॉक्टरांच्या बोलण्यात येणारे शब्द

‘डॉक्टर, इम्युनिटी वाढवायला काहीतरी लिहून द्या’ ही मागणी दवाखान्यात जवळजवळ रोज होते. पण प्रतिकारशक्ती ही एकाच आकड्यात मोजता येणारी गोष्ट नाही. त्वचा, अस्थिमज्जा, प्लीहा, लसिका ग्रंथी आणि अनेक प्रकारच्या पेशी मिळून ते काम करतात. त्यातला कोणता भाग कमी पडतो आहे आणि कोणता गरजेपेक्षा जास्त काम करतो आहे, यावर उपचार ठरतात. त्यासाठी पुढचे शब्द माहीत असलेले बरे.

जन्मजात आणि अर्जित प्रतिकारशक्ती

त्वचा, नाकातला चिकट स्राव, जठरातले आम्ल आणि न्यूट्रोफिलसारख्या पांढऱ्या पेशी ही पहिली फळी. समोर कोणताही जंतू असो, ती काही तासांत कामाला लागते. जखमेतला पू म्हणजे बराचसा या लढाईत मेलेल्या न्यूट्रोफिल पेशीच.

दुसरी फळी लिम्फोसाइट पेशींची. त्यांतल्या बी पेशी प्रतिपिंडे तयार करतात, तर टी पेशी जंतूने ग्रासलेल्या पेशी नष्ट करतात आणि इतर पेशींना दिशा देतात. नव्या जंतूची ओळख पटून तयारी व्हायला या फळीला एक-दोन आठवडे लागतात, पण ती ओळख लक्षात राहते. लहानपणी गोवर होऊन गेला की सहसा पुन्हा होत नाही, तो यामुळेच. लस हीच स्मरणशक्ती आजार न होऊ देता तयार करते.

सीबीसी रिपोर्टमधल्या पांढऱ्या पेशी

प्रौढांमध्ये एकूण पांढऱ्या पेशी साधारण ४,००० ते ११,००० असतात. जिवाणूंच्या संसर्गात बहुधा न्यूट्रोफिल वाढतात, विषाणूंच्या संसर्गात लिम्फोसाइटचे प्रमाण वाढलेले दिसते. इओसिनोफिल वाढले तर ॲलर्जी किंवा जंतांचा विचार होतो. हे ठोकताळे आहेत. केवळ त्यावरून स्वतःच अँटिबायोटिक सुरू करू नका.

एका परिस्थितीत मात्र हा आकडा जिवाशी खेळू शकतो. केमोथेरपीनंतर न्यूट्रोफिल ५०० च्या खाली गेले आणि ताप १०१ अंश फॅरनहाइटच्या आसपास किंवा वर गेला, तर ती तातडीची अवस्था आहे. लढणाऱ्या पेशीच नसल्याने पू, सूज या नेहमीच्या खुणा दिसतीलच असे नाही. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका. रात्री असली तरी रुग्णालय गाठा.

अँटिजेन आणि अँटिबॉडी

अँटिजेन म्हणजे जंतूचा, शरीराला परका वाटणारा अंश. अँटिबॉडी म्हणजे त्याच्याविरुद्ध शरीराने बनवलेले प्रथिन. यालाच प्रतिपिंड म्हणतात. डेंग्यूच्या रिपोर्टवर हा फरक नीट कळतो. एनएस१ हा विषाणूचा अंश, म्हणून तो तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत सापडतो. आयजीएम हे प्रतिपिंड. ते साधारण पाचव्या दिवसापासून सापडू लागते आणि दोन-तीन महिने राहू शकते. दुसऱ्याच दिवशी फक्त आयजीएम तपासून ‘निगेटिव्ह’ आले, तर डेंग्यू नाही असे ठरत नाही. आयजीजी एकटेच पॉझिटिव्ह असेल तर तो बहुतेक वेळा जुन्या संसर्गाचा माग असतो.

तयार प्रतिपिंडे

आईची प्रतिपिंडे बाळाला नाळेतून आणि दुधातून, विशेषतः सुरुवातीच्या चिकातून मिळतात. ती उसनी असल्याने काही महिन्यांत संपतात.

कुत्रा चावल्यावरही हीच युक्ती वापरतात. त्वचा फाटून रक्त आले असेल, तर लशीबरोबर रेबीज इम्युनोग्लोब्युलिन जखमेत आणि तिच्या भोवती टोचतात. ‘लस घेतली ना, मग हे महागडे कशाला?’ असे नातेवाईक विचारतात. लशीने प्रतिपिंडे तयार व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. तोवरचे संरक्षण या तयार प्रतिपिंडांकडून मिळते. पहिल्या दिवशी ते मिळाले नाही, तर लशीच्या पहिल्या डोसपासून सात दिवसांच्या आत घ्यावे. पूर्वी रेबीजची लस पूर्ण घेतली असेल तर ते लागत नाही, पण लशीचे पुढचे डोस लागतात. त्याआधी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा. मिरची, चुना, हळद काहीही लावू नका.

ॲलर्जी आणि ऑटोइम्यून आजार

धूळ, परागकण, शेंगदाणे अशा निरुपद्रवी गोष्टीवर शरीर तुटून पडले की ती ॲलर्जी. स्वतःच्याच पेशींवर हल्ला झाला की तो ऑटोइम्यून आजार: आमवात, ल्युपस, टाइप १ मधुमेह, थायरॉइडचे काही विकार. यातल्या अनेक आजारांत प्रतिकारशक्ती वाढवायची नसून आवरायची असते. म्हणून ‘बूस्टर’ म्हणून विकले जाणारे काढे किंवा गोळ्या डॉक्टरांना न विचारता घेऊ नका. कोविडच्या काळात गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. यकृताचा किंवा ऑटोइम्यून आजार असेल, तर मी माझ्या रुग्णांना ती टाळायला सांगतो.

स्टेरॉइड बरेच दिवस चालू असेल तर ते स्वतःहून एकदम बंद करू नका. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेत असाल, तर गोवर, कांजिण्या यांसारख्या जिवंत जंतूंच्या लशी घेण्याआधी आपली औषधांची यादी डॉक्टरांना दाखवा.